मिसल समोर नाही

७ जुलै १९५३

रोजनिशी पुन्हा सुरू करतो आहे. तुरुंगात लिहीत होतो तेव्हा जेलर वाचायचा, म्हणून शब्द जपून वापरावे लागत. आता वाचणारं कोणी नाही.

थकलो आहे. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, मी गुलमंडीवर बोलायला उभा राहिलो की टांगे थांबत. परवा शहागंजात उभा राहिलो तर लाउडस्पीकरवाला मागून म्हणाला, "साहेब, जरा उरकतं घ्या, ब्याटरी उतरायली." माझ्याबरोबर आत गेलेले दोघे आता हैदराबादला मोटारीतून हिंडतात. मी निवडणुकीच्या तिकिटांच्या भांडणात तोंडावर बोललो आणि बाहेर राहिलो.

काम मिळालं आहे. इथं औरंगाबादेतच, किले अर्कातल्या कचेरीत संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घ्यायचा. जन्मभर उर्दूत कागद लिहिलेले कारकून, आणि आता सगळा कारभार इंग्रजीत. खात्याची परीक्षा जो पास होणार नाही त्याला घरी बसवणार आहेत.

भानुमतीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ज्यांनी तुम्हाला आत टाकलं त्यांनाच शिकवणार?"

"कारकून आत टाकत नाहीत. हुकूम टाकतो."

"मग हुकूम वाचून कोण दाखवतं?" असं म्हणून ती तांदूळ निवडायला लागली. या बाईचा मुद्दा मला नेहमी दुसऱ्या दिवशी उमगतो.

९ जुलै

पहिल्या बाकावर काळ्या शेरवानीतला माणूस, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. मी ओळखलं. नानासाहेब. माझ्या खटल्यात न्यायाधीशापुढे कागद ठेवणारा पेशकार हाच होता, आणि माझ्या शिक्षेचा हुकूम यानंच वाचला होता.

त्यानं उठून सलाम केला. "मास्तर, पैचान हाय ना? तुमचा हुकूम मीच वाचला व्हता."

जुनं नातं सांगावं तसं सांगितलं. मी म्हणालो, "आवाज लक्षात आहे."

"तुमच्यापेक्षा बारीक, पण शेवटल्या बाकापस्तोर पोचला."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

१६ जुलै

विथ, इन अशा शब्दयोगी तुकड्यांवर आलो. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. द मॅन किल्ड द स्नेक विथ अ स्टिक. त्याखाली, द मॅन किल्ड द स्नेक विथ अ हूड. स्टिक म्हणजे काठी, हूड म्हणजे फडा. दोन्हींची बांधणी तंतोतंत सारखी. विचारलं, काठी कोणाची, फडा कोणाचा?

सांडू नावाचा करमाडकडचा एक चलाख कारकून आहे. तो म्हणाला, "काठी माणसाची, फडा सापाचा. सापाच्या हातात काठी असती तर माणूसच मेला असता, मास्तर!"

बरोबर आहे. पण हे त्याला व्याकरणानं सांगितलं नाही. साप कसा असतो हे ठाऊक आहे म्हणून कळलं. इंग्रज असा तुकडा वाक्याच्या टोकाला बांधून मोकळा होतो, तो कोणाच्या गळ्यात घालायचा ते वाचणाऱ्यानं पाहायचं.

मग तिसरं वाक्य लिहिलं. द पाटील मेट द ट्रॅव्हलर विथ द लँटर्न. कंदील कोणाकडे? पाटलाकडे असू शकतो, प्रवाशाकडेही असू शकतो. दुनियेची माहिती इथं कामाला येत नाही.

सांडू म्हणाला, "पाटलाकडं. पाटलालाच राकेल परवडतं."

नानासाहेब फळ्याकडे बघत बसले होते. ते म्हणाले, "मिसल कुठंय?"

मिसल म्हणजे एका प्रकरणाचे सगळे कागद एकत्र बांधलेले. मी म्हटलं, मिसल कसली, हे साधं उदाहरण आहे.

"आमच्यात एकटा कागद वाचायची चाल नाय, मास्तर. आधीचा काय म्हणतो, नंतरचा काय म्हणतो, मंग मधला वाचायचा. येळ कोणती व्हती? पाटील गस्तीवर निघाला व्हता का? प्रवासी कुठून आला?"

"नानासाहेब, हे प्रकरण नाही!"

"प्रकरण नाय तर त्याचा निकाल मी कसा देऊ?"

डोकं दुखायला लागलं. वर्ग लवकर सोडला.

२१ जुलै

पाच दिवस त्या माणसाचा राग होता. आज रागातूनच वर्ग चांगला झाला.

त्या वाक्याला मी मिसल करून दिली. आधी लिहिलं: अंधार पडला होता, प्रवासी वाट चुकला होता, लांबून गावाकडून एक उजेड त्याच्याकडे येऊ लागला. आणि मग तेच वाक्य. सगळे एका सुरात म्हणाले, कंदील पाटलाचा. ते पुसून लिहिलं: पाटील अंधारात ओट्यावर बसला होता, त्याला रस्त्यावरून एक उजेड हलत येताना दिसला, तो उठून पुढे गेला. पुन्हा तेच वाक्य. एकही अक्षर बदललं नव्हतं, आणि कंदील प्रवाशाच्या हातात गेला होता.

वर्गातले टाक थांबले. अशी शांतता मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. मग मला राहवेना. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "जगात कोणतंही वाक्य एकटं नसतं! एकटं वाक्य उचलून ज्यांनी माणसं तुरुंगात धाडली त्यांनी भाषेचा खून केला! आजूबाजूचं पाहिल्याशिवाय जो अर्थ सांगतो तो खोटी साक्ष देतो! तसा अर्थ सांगायला साफ नकार द्या, समोर कोणीही असो!"

टाळ्या पडल्या. कचेरीत, कारकुनांच्या. नानासाहेब टाक उचलून म्हणाले, "हे लिहून घेऊ का?"

"लिहा! काळजावर लिहा!"

घरी आलो तेव्हा घसा बसला होता. भानुमतीनं हळदीचं दूध दिलं आणि विचारलं, "वर्ग होता की सभा?"

६ ऑगस्ट

सरकारी नमुन्याची वाक्यं घेतली. सेंड द पेपर्स टू द तहसीलदार इन द बॉक्स. सांडूनं झटकन मराठी केलं, "पेटीतल्या तहसीलदाराला कागद धाडा." वर्ग इतका हसला की शिपाई बन्सी बाहेरून डोकावला.

यावरून एक गोष्ट लक्षात आली. मराठीत तोंड उघडायच्या आधीच निवड करावी लागते. पेटीत घालून कागद धाडा, किंवा पेटीतले कागद धाडा, किंवा पेटीतल्या तहसीलदाराला धाडा. चौथी सोय नाही. इंग्रजी वाक्य सगळी दारं उघडी ठेवून आत येतं. त्याला मराठीत आणायचं म्हणजे एक सोडून बाकीची दारं आपल्या हातानं लावायची. चुकीचं दार लावलं तर जबाबदारी आपली. नानासाहेबांना हीच भीती वाटत असावी. न्यायालयात लाठी कोणाच्या हातात होती यावर माणूस सुटतो किंवा आत बसतो.

आता ते कोणत्याही वाक्याचे दोन्ही अर्थ घडाघडा सांगतात. एक निवडा म्हटलं की टाक खाली ठेवतात.

२५ ऑगस्ट

नानासाहेबांकडे चहाला गेलो. औरंगपुऱ्यात दोन खोल्या. बायको आशाबाई, मूलबाळ नाही. दारात तेलपाणी केलेली सायकल, तिच्यावर त्यांचा फार जीव.

बोलता बोलता म्हणाले, "मास्तर, माझा धाकटा भाऊ कारभारी, देवगाव रंगारीला जमीन कसतो. मी शिकावं म्हणून त्यानं शाळा सोडली. मी वर्साला एकदा गावी जातो ते सायेब म्हणून जातो. वेशीपासून लोक सलाम करतात. भावजय पाटावर बसवून वाढती."

"मग चांगलं आहे की."

"नापास झालो तर तिथंच जाऊन ऱ्हावं लागंल. कारभारी काय बोलायचा नाय. पन त्याची बायको, साळूबाई, तिचं तोंड लई तिखट. फुकट बसलेल्या मानसाला ती कसं वाढती ते मी पाह्यलंय. तिचा सख्खा भाऊ व्हता."

आशाबाई आतून म्हणाल्या, "कशाला सांगता सगळं!" ते हसले आणि बशीत चहा ओतला.

मी त्यांना सांगितलं की तुमची तयारी पक्की आहे, घाबरू नका. आणि ते खरं आहे. वर्गात त्यांच्याइतकं बारीक कोणी वाचत नाही.

१८ सप्टेंबर

काल मुक्तीचा दिवस झाला. मला बोलायला बोलावलं होतं. चिठ्ठी आली, थोडक्यात आटपा, पुढे नाच आहे. आटपलं.

११ ऑक्टोबर

परीक्षा झाली. मी बाहेर थांबलो होतो. सांडू सर्वांत आधी बाहेर आला. "पाच वाक्यं तुमची ती आली व्हती, मास्तर, कंदीलवाली. मी आपलं एकेकाच्या हातात देऊन टाकलं. मार्क मिळाल्याशी काम."

नानासाहेब शेवटी आले. चेहरा उजळलेला. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "तुम्ही म्हनला तसंच केलं."

बरं वाटलं. शिक्षकाला आणखी काय हवं असतं!

२० नोव्हेंबर

निकाल. सांडू पास. नानासाहेब नापास.

विश्वास बसेना म्हणून कचेरीत जाऊन पेपर पाहिला. बाकी सगळं उत्तम. त्या पाच वाक्यांखाली मात्र, सुंदर अक्षरात, पाचही वेळा एकच ओळ: फाइल नॉट पुट अप. मीनिंग कॅनॉट बी फिक्स्ड. मिसल समोर नाही, अर्थ कायम करता येत नाही.

हा हट्टीपणा यांच्या डोक्यात कुठून शिरला कोण जाणे. निजामी कचेऱ्यांची सवय.

नानासाहेब जिन्यात उभे होते. म्हणाले, "उत्तर चुकीचं हाय का, मास्तर?"

"चुकीचं नाही."

"मंग?"

मी सांगितलं की अर्ज करा, सुनावणी मागा, मी बोलेन तुमच्या बाजूनं. त्यांनी मान हलवली. परीक्षेचं सगळं तात्यासाहेबांकडे आहे. पोलीस ॲक्शननंतर पुण्याकडून जे अधिकारी इकडे आले त्यांतले एक.

४ डिसेंबर

आज सुनावणी झाली. बऱ्याच दिवसांनी शरीरात रक्त फिरल्यासारखं वाटतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

तात्यासाहेब गोरेपान, चष्मेवाले, मृदू बोलणारे. अशा माणसांवर माझा विश्वास बसत नाही. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. नानासाहेबांचा पेपर पुढे ओढून म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडून मला फक्त एवढंच हवं आहे. या पाच वाक्यांचे दोन्ही अर्थ यांना कळतात का? कळत असतील तर मी इथंच तोंडी विचारतो आणि प्रकरण मिटवतो."

तेवढ्यात दारात कारकून जमले. सांडू, बन्सी, आणखी आठदहा. व्हरांड्यातही गर्दी. मी उभा राहिलो.

मी म्हणालो की प्रश्न पाच वाक्यांचा नाही. ज्या माणसांनी या मातीत पिढ्या काढल्या त्यांची परीक्षा घ्यायला काल आलेले लोक कोण? आमच्या पायांत साखळदंड पडले तेव्हा आपण कुठं होता? पुण्यात सुपारी कातरत? ज्या सत्तेला आम्ही खाली खेचलं तिच्या कारकुनालाही आपला प्रामाणिकपणा सोडवला नाही, आणि नव्या राज्यात प्रामाणिकपणाला शून्य मार्क! जुने शब्द जुन्या जोरानं येत होते. नानासाहेबांनी दोनदा माझा कोट ओढला, बहुधा भारावून.

टाळ्या पडल्या. व्हरांड्यातून कोणीतरी "वाह!" म्हणालं.

तात्यासाहेबांनी चष्मा पुसला. पेपर फायलीत ठेवला, नाडी बांधली आणि म्हणाले, "आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. नमस्कार."

निरुत्तर केलं. बाहेर आल्यावर नानासाहेबांना म्हटलं, "कसं झालं?"

ते म्हणाले, "आवाज अजून तसाच हाय, मास्तर."

भानुमतीला सगळं म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "पण त्यांनी विचारलं होतं त्याचं उत्तर दिलंत का?"

तिला सभा कळत नाहीत.

२१ डिसेंबर

नानासाहेब संध्याकाळी पेढे घेऊन आले. शेरवानी नव्हती, धोतर आणि कोट. म्हणाले, "रजेवर चाललोय, मास्तर. गावाकडं. जरा लांबली तरी चालंल अशी रजा मिळाली."

"आणि अर्जाचं काय झालं?"

"ते सगळं झालं. तुम्ही लई केलं माझ्यासाठी."

मी दिलेला शब्दकोश परत आणला होता. मी म्हटलं, राहू द्या, रजेत वाचा. म्हणाले, नको, सांडूला उपयोगी पडंल. चालत आले होते. सायकल बन्सीला विकली म्हणे, चांगल्या किमतीला. आशाबाई भानुमतीपाशी बसल्या होत्या, जाताना तिनं त्यांची ओटी भरली.

माणूस समाधानी दिसला. भाषणाचा परिणाम व्हायला वेळ लागतो, पण होतो. आज शांत झोप लागेल.

२२ डिसेंबर

झोप लागली नाही.

सकाळी चहा घेताना मी म्हणालो, नानासाहेब रजेवरून आले की वर्गात त्यांचा सत्कार करू. भानुमतीनं कप खाली ठेवला. "अहो, रजेवर जाणारा माणूस सायकल विकतो का?"

मी वर पाहिलं.

"आशाबाईंनी तुळशीचं वृंदावनसुद्धा गाडीत चढवलंय. घर सोडलंय त्यांनी. त्यांच्या डोळ्यांना पदर होता सगळा वेळ. तुम्ही तेव्हा नानासाहेबांना सुनावणीतलं भाषण पुन्हा ऐकवत होतात."

"मग त्यांनी मला सांगितलं का नाही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," ती म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

दुपारी किले अर्कात गेलो. बन्सी सायकल पुसत होता. त्याला विचारलं. त्यानं खालीच बघत सांगितलं, अर्ज त्याच दिवशी फेटाळला, आणि पुढं कशाला फजिती म्हणून नानासाहेबांनी स्वतःच घरी बसायचं लिहून दिलं. सांडू तिथंच होता. म्हणाला, "मास्तर, तुम्ही जुलैत सांगितलं व्हतं ना, अर्थ सांगायला साफ नकार द्या म्हनून. आम्ही समजलो, सभेतलं बोलनं हाय. नानासाहेबांना ते हुकमासारखं वाटलं."

तात्यासाहेबांना भेटायला गेलो. बाकावर बसून राहिलो. आत बोलावलं तेव्हा विचारलं, आता काही होईल का? दोन्ही अर्थ त्यांना कळतात, मी शपथेवर सांगतो. ते म्हणाले, "हे त्या दिवशी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. आता त्यांचाच कागद आहे, मास्तर, आणि तो मंजूर होऊन वर गेला." आवाज तसाच मृदू. त्यात मला आज राग सापडला नाही, नुसती दमणूक होती. माझ्यासारखीच.

१७ जानेवारी १९५४

काल देवगाव रंगारीला जाऊन आलो. सर्व्हिसच्या मोटारीत दौलताबाद मागं पडेपर्यंत मनात माफीचं भाषण जुळवत होतो. पुढं ते सोडून दिलं.

घर वेशीजवळच. कारभारी अंगणात कापसाचं ओझं सोडत होता. नानासाहेबांसारखंच नाक, पण वाकलेला, धाकटा असून थोरला वाटणारा. "या, या! दादाचे मास्तर! दादा, कोन आलंय बघ!" नानासाहेब विहिरीवर गेले होते. मला घोंगडीवर बसवलं. गावातले दोघंतिघं टेकले. मी सभेचा माणूस हे त्यांना माहीत होतं, एकानं विचारलं, "दोन शब्द बोलता का, सायेब?" मी म्हटलं, घसा दुखतोय.

साळूबाई जेवायला वाढायला आल्या. उंच, नाकात नथ, चालताना भांडी वाजवणाऱ्या. तोवर नानासाहेब येऊन माझ्या शेजारी बसले होते. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला आणि लगेच सावरला. जवळून पाहिलं, हात सोलवटले होते, विहिरीच्या दोरानं.

साळूबाईंनी माझ्या ताटात वाढलं, कारभारीच्या वाढलं. नानासाहेबांच्या ताटात भाकरी टाकली आणि तशाच उभ्या राहिल्या.

"मास्तर, तुम्ही शिकलेलं मानूस, एक इचारते," त्या म्हणाल्या. "आमचे भावजी म्हनत्यात रजेवर हाय. म्हैना होत आला. कन्नडच्या बाजारात मानसं येगळंच बोलत्यात. काढून टाकलंय म्हनत्यात. खरं काय ते सांगा."

"साळू!" कारभारी म्हणाला.

"इचारलं तर काय बिघडलं? दोन मानसं वाढलीत घरात, ठावं नको व्हय?"

नानासाहेब ताटाकडे बघत होते. घास तोडला नव्हता. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. आशाबाई चुलीपाशी पाठमोऱ्या, हात थांबलेले.

मी म्हणालो, "रजेवर आहेत."

"येवढी रजा?"

"जुनी नोकरी आहे. साठलेली असते."

कारभारीनं जरा कचरतच विचारलं, "भरपगारी?"

"भरपगारी," मी म्हणालो.

आणखी काही बोलावं लागेल म्हणून मी थांबलो. लागलं नाही. साळूबाई आत गेल्या, वाटी घेऊन आल्या आणि नानासाहेबांच्या भाकरीवर तूप घातलं. मग त्यांनी पहिला घास तोडला.